महिनाभर एकच शब्द: अमळनेरचा संध्याकाळचा इंग्रजी क्लास

मी लाइनमन आहे. आयटीआयला वायरमनचा ट्रेड केला, आधी ठेकेदाराकडे राबलो, मग नोकरीत लागलो. दोन्ही मिळून २२ वर्षं झाली. माझ्या हुद्द्यातच इंग्रजीचा एक शब्द आहे, आणि तो नीट कळायला मला वयाच्या ४५ व्या वर्षी अमळनेरच्या एका क्लासात जाऊन बसावं लागलं. त्या क्लासबद्दल लिहितोय. कोणी सांगितलं म्हणून लिहीत नाही. स्वतःचे पैसे भरून महिनाभर गेलो होतो, आणि आपल्या भागातल्या नोकरी-धंद्यातल्या माणसांना याची माहिती व्हावी असं मनापासून वाटतं.

क्लास स्टेशनकडून गावात येताना एका झेरॉक्सच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आहे. पाटी नाही. लोखंडी जिना बाहेरून आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी साडेसात ते नऊ. फी महिन्याला ६०० रुपये. शिकवणारे सर माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले, इंग्रजीचे. वय सत्तरीच्या आसपास, धोतर नाही पण टोपी आहे, आणि खडू दोन बोटांत असा धरतात की एक कण खाली पडत नाही. त्यांनी त्यांचं नाव कुठे छापू नका म्हणून सांगितलंय, म्हणून मीही लिहीत नाही.

पद्धत अशी: एका महिन्याला एक इंग्रजी शब्द. रोज बोलण्यातला, साधा. मी गेलो त्या महिन्याचा शब्द होता 'लाइन'.

ऐकल्यावर कोणालाही वाटेल, एका शब्दाला महिना कशाला? मलाही वाटलं. कारण त्याआधी तीन वर्षांपूर्वी मी एका मोठ्या शहरातल्या क्लासला पैसे भरले होते. तिथे पहिल्याच दिवशी २००० शब्दांची पुस्तिका दिली. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, आणि दोघांच्या मध्ये बरोबरचं चिन्ह. लाइन बरोबर रेषा. मी पाठ केलं. दुसऱ्या दिवशी डीपीवर उभा असताना शेतकऱ्याचा फोन आला, "जिभाऊ, लाइन कवय ई?" त्याला काय सांगायचं, रेषा केव्हा येईल? त्या पुस्तिकेत माझी लाइन नव्हतीच. पैसे गेले त्यापेक्षा जास्त वाईट याचं वाटलं की आपलं बोलणं त्या पुस्तिकेच्या लेखी चुकीचं होतं.

इथे पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर शब्द लिहिला आणि खाली बसले. म्हणाले, "आता तुम्ही सांगा. तुमच्या कामात हा शब्द कसा येतो, एकेक वाक्य. मराठीत, अहिराणीत, जसं तोंडात येईल तसं."

आम्ही चौदा जण होतो. पाळीपाळीने सगळे बोलले आणि सर लिहीत गेले. माझं वाक्य साधं होतं: लाइन गेली. आमच्याकडे 'लाइन' म्हणजे वीज. रात्रीची लाइन, दिवसाची लाइन, सिंगल फेजची लाइन. कापसाला पाणी द्यायचं तर या आठवड्यात रात्रीची लाइन आहे का दिवसाची, हे घरातल्या म्हातारीलाही माहीत असतं. सर म्हणाले, विलायतेतला माणूस असं म्हणत नाही. तो 'पॉवर गेली' म्हणेल. 'लाइन गेली' म्हटलं तर त्याला वाटेल तार चोरीला गेली. मग त्यांनी फळ्याच्या उजव्या बाजूला उभी रेघ मारली, वर लिहिलं 'आपले अर्थ', आणि माझं वाक्य त्या रकान्यात पहिलं लिहिलं. म्हणाले, "हा अर्थ खानदेशच्या विहिरींवर, मोटारींच्या आवाजात तयार झालाय. इंग्रजीच्या कोशात नसेल, पण तुमच्या गावात तोच खरा आहे. तो पुसायचा नाही. फक्त कुठला अर्थ आपला आणि कुठला त्यांचा, हे ओळखता आलं पाहिजे." एवढ्या एका गोष्टीसाठी मी पुढचे अकरा तास बसलो असतो.

सरकारी रुग्णालयात काम केलेल्या एक सिस्टर होत्या. त्यांचं वाक्य: पेशंटची लाइन गेली. सलाईन लावायला शिरेत जी बारीक नळी घालतात ती लाइन. "लाइन घेतली का", "लाइन ब्लॉक झाली", असं त्या दिवसभर बोलतात. मला एकदम आठवलं. माझी आई ॲडमिट होती तेव्हा रात्री दोन वाजता सिस्टर धावत आल्या, "आजीची लाइन गेली." आणि मी आधी वर ट्यूबलाइटकडे पाहिलं. ट्यूब तर चालू होती. मग आईच्या हाताकडे पाहिलं, चादरीवर रक्ताचा ठिपका होता. तेवढा एक क्षण मला काहीच कळलं नव्हतं. हे मी क्लासात सांगितलं तर त्या सिस्टर म्हणाल्या, "दादा, तुमच्यासारखे बरेच नातेवाईक वरच बघतात."

शिवणकाम करणाऱ्या एक ताई ए-लाइनचे कुर्ते शिवतात, नेकलाइन कापतात, ब्लाउजला लायनिंग लावतात. गवंडीकाम करणारा एक तरुण म्हणाला, "आम्ही लाइनदोरी म्हनतस. दोरी ढिली व्हयनी का भीत वाकडी व्हस." ग्रामपंचायतीत संगणकावर बसणारा मुलगा ऑनलाइन, ऑफलाइन म्हणाला. ठिबकचा फिटर म्हणाला मेन लाइन. कॉलेजचा एक पोरगा क्रिकेटमधली लाइन आणि लेंग्थ घेऊन आला. कापसाच्या गाडीवर दलाली करणारे एक काका म्हणाले, "मी आधी किराणा लाइनला होतो, आता कापूस लाइनला आहे." आणि मागच्या बाकावरचा एक जण खाली मान घालून म्हणाला, "लाइन मारणे." सगळे शांत. सरांनी तेही तितक्याच गंभीरपणे 'आपले अर्थ' मध्ये लिहिलं आणि म्हणाले, याच्याकडे पुढच्या आठवड्यात येऊ.

शेवटी उरले रेल्वेतले पॉइंट्समन. त्यांनी सांगितलं: लाइन क्लिअर. हे दोन शब्द ऐकले आणि माझ्या हाताला घाम फुटला.

त्याचं कारण सांगतो. २००८ सालचा जून, मृगाचा पहिला पाऊस. मी तेव्हा ठेकेदाराकडे होतो. ११ केव्हीच्या लाइनवर बाभळीची फांदी पडली होती, बांधावरच्या तीन पोलांच्या पट्ट्यात. संध्याकाळचे सहा, आभाळ भरलेलं, गावातले आठ-दहा जण भोवती उभे, प्रत्येक जण विचारतोय लाइन केव्हा येईल. माझ्याकडे साधा फोन, एक काडी रेंज. मी उपकेंद्रात फोन लावला. आवाज तुटत होता. मी ओरडून विचारलं, "लाइन क्लिअर आहे का?" पलीकडून आलं, "हो हो, क्लिअर आहे, बोला."

आमच्या कामात लाइन क्लिअर म्हणजे वीज बंद केली, स्विच उघडला, आता या तारेला हात लावायला हरकत नाही. पलीकडच्या माणसाला वाटलं मी फोनच्या आवाजाचं विचारतोय. त्याला माझा आवाज स्वच्छ ऐकू येत होता, तसं त्याने सांगितलं. तो खोटं बोलला नाही. कागदावर परमिट, म्हणजे लाइन बंद असल्याची लेखी परवानगी, न घेता मी फोनवर विचारलं, चूक माझी होती.

वाचलो कशामुळे, तर उस्तादांनी लावलेली एक सवय. कोणी काहीही सांगो, चढायच्या आधी अर्थिंगचा रॉड लावायचा, म्हणजे तार जमिनीशी जोडायची. आधी त्याची खालची तार जमिनीत पक्की करायची, मग लांब दांड्याने वरची टोकं तारेला. मी दांडा उचलला, टोक तारेपाशी गेलं आणि निळा-पांढरा लोळ उठला. आवाज असा झाला की बांधावरची माणसं खाली बसली. फीडर, म्हणजे उपकेंद्रातून येणारी ती लाइन, ट्रिप होऊन आपोआप बंद पडला. माझ्या हातात दांडा तसाच होता, पाय चिखलात रुतलेले, आणि कितीतरी वेळ मला मागे फिरता येईना. घरी येऊन जेवलो नाही. बायकोला काहीच सांगितलं नाही, तिला हे सात वर्षांनी कळलं.

क्लासात मी हे सगळं सांगितलं. पहिल्यांदाच इतक्या लोकांसमोर. सर काही वेळ बोलले नाहीत. मग पॉइंट्समनकडे वळून म्हणाले, तुमच्याकडे लाइन क्लिअर म्हणजे काय ते पूर्ण सांगा. त्यांनी सांगितलं: गाडी पुढच्या स्टेशनाकडे सोडायच्या आधी त्या स्टेशनाच्या मास्तरकडून लाइन क्लिअर घ्यावी लागते. म्हणजे मधल्या पट्ट्यात दुसरी गाडी नाही, रूळ मोकळा आहे, तुम्ही सोडा.

सरांनी फळ्यावर दोन आडव्या रेघा मारल्या. एकीखाली लिहिलं रेल्वे, दुसरीखाली वीज. म्हणाले, शब्द तेच, अर्थही एकच: मोकळी. पण रेल्वेत 'मोकळी' ऐकलं की सोडायचं, आणि विजेत 'मोकळी' ऐकलं की सोडायचं नाही, कारण तिथे आता माणूस चढणार आहे. आणि तिसरी, फोनची लाइन. तिथे मोकळी म्हणजे खरखर नाही. एका माणसाने विजेचं विचारलं, दुसऱ्याने फोनचं उत्तर दिलं. त्यांनी हे इतक्या शांतपणे मांडलं की सतरा वर्षं मनात नुसती भीती म्हणून असलेली गोष्ट मला पहिल्यांदा नीट दिसली. त्या संध्याकाळी स्टेशनवर उभं राहून मी सुरतेकडची गाडी जाईपर्यंत सिग्नल बघत राहिलो.

दुसऱ्या आठवड्याचा सोमवार मला सगळ्यात आवडला. सर खिशातून कागदाची पुडी घेऊन आले. टेबलावर ओतली. तांबूस, चपटे, चकचकीत दाणे. "काय आहे?" सगळ्या बायका एकदम म्हणाल्या, जवस. आमच्याकडे लसूण आणि लाल तिखट घालून जवसाची चटणी होत नाही असं घर नाही. भाकरीवर तेल सोडून खाल्ली की भाजी लागत नाही.

सर म्हणाले, हा तुमचा 'लाइन' शब्द.

आपण जवस तेलासाठी, चटणीसाठी पेरतो. पण त्याच्या खोडाच्या सालीत लांब, मऊ, पक्का धागा असतो. युरोपात शेकडो वर्षं जवसाचं पीक त्या धाग्यासाठी घेतलं. खोडं पाण्यात कुजवायची, साल सुटली की झोडपून धागा मोकळा करायचा. आमच्या आजोबांना मी अंबाडी अशीच बोरी नदीच्या डोहात दगडाखाली दाबून ठेवताना पाहिलंय, त्याचे ते बैलांचे दोर वळायचे, त्यामुळे मला हे लगेच डोळ्यासमोर आलं. लॅटिन भाषेत जवसाला लिनम म्हणतात. आजही शास्त्रीय नाव लिनम युसिटॅटिसिमम आहे, म्हणजे अतिशय उपयोगाचं. त्याचा धागा तो लिनिआ. त्यावरून लाइन. त्या धाग्याचं कापड ते लिनन. त्या कापडाचं आतून अस्तर लावायचे ते लायनिंग. आणि जवसाचं इंग्रजी नाव लिनसीड, त्यातही तोच लिन.

शिवणकामवाल्या ताई दोन मिनिटं गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी ब्लाउजला जवस लावते." सर म्हणाले, "हो, नावाने लावता."

मग त्यांनी एक दोरा काढला, एक टोक माझ्या हातात, दुसरं गवंड्याच्या हातात दिलं. म्हणाले, ताणा. ताणल्यावर म्हणाले, जुन्या काळी माणसाला सरळ काही हवं असेल तर याच्याशिवाय काय होतं? झाड सरळ नाही, नदी सरळ नाही, काठी सरळ नाही. ताणलेला धागा सरळ. म्हणून धाग्याचं नाव सरळपणाला लागलं. धाग्याच्या खुणेवरून रेघ, रेघेवरून लिहिलेली ओळ, ओळीवरून रांग. धागा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो म्हणून वाट, रूळ, तार. बापापासून लेकाकडे जातो म्हणून घराणं. एकाच वाटेने माणूस रोज जातो म्हणून धंदा. कापूसवाले काका इथे म्हणाले, "म्हणजे माझी लाइन बरोबर होती!" ती इंग्रजीतही तशीच आहे, माणसाचा व्यवसाय याच शब्दाने विचारतात.

हे सगळं सर फळ्यावर ठिबकच्या आराखड्यासारखं काढत होते: मेन लाइन, तिच्यातून फाटे. चित्र होत आलं तेव्हा फिटर उठला. म्हणाला, "सर, मेनमधून लॅटरल निघत नाही. मधे सबमेन लागते." सरांनी त्याला खडू दिला. त्याने चित्र दुरुस्त केलं: मेन म्हणजे धागा, तीन सबमेन म्हणजे खूण, रांग आणि वाट, आणि त्यांच्यातून १६ मिलीमीटरच्या नळ्या निघाव्यात तसे बाकीचे अर्थ. मी ते चित्र वहीत उतरवून घेतलंय. अजूनही कुठे 'लाइन' अडली की ते काढून बघतो, कुठल्या सबमेनची आहे.

आणि त्याच दिवशी ती राहिलेली गोष्ट आली. सरांनी विचारलं, आपल्याकडे धाग्याला काय म्हणतात? सूत. आपण कापसाचा मुलुख, आपला धागा सुताचा. आणि बघा, सूतही तसंच पसरलंय. सुतासारखा सरळ म्हणतो. लोखंडाच्या दुकानात ३ सुती सळई मागतो, अर्धा इंच म्हणजे ४ सूत. सुतावरून स्वर्ग गाठतो. दोघांचं सूत जुळतं. 'लाइन मारणे' म्हणणाऱ्या पोराकडे पाहून म्हणाले, "तू म्हणालास त्यातही धागाच आहे, फक्त तुझा एकाच बाजूने ओढलेला आहे. सूत जुळायला दोन टोकं लागतात." पोरगा लाजला, पण पुढचे तीनही आठवडे पहिल्या बाकावर बसला.

मग सुतार. हा शब्द सूत्रधार या संस्कृत शब्दापासून आला. सूत हातात धरून मोजणारा, आखणारा तो सूत्रधार, त्याचा सुतार झाला. मी वहीत लिहिलं: लाइन म्हणजे सूत, मॅन म्हणजे माणूस. माझ्या हुद्द्याचं मराठी सुताराच्या घराण्यातलं निघालं. बावीस वर्षं मी तो शब्द बिल्ल्यावर छातीला लावून फिरलो. त्या रात्री घरी आल्यावर बिल्ला काढून दिव्याखाली पुन्हा वाचला.

तिसऱ्या आठवड्यात इंग्रजीतली वाक्यं. हा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो कुठल्याही चांगल्या क्लासात मिळेल. दोन ओळींच्या मधलं वाचणं, आपल्याकडेही म्हणतात. फोन धरून थांबा, याला ते लाइन धरा म्हणतात. अमेरिकेतली माणसं लाइनीत उभी राहतात, इंग्लंडातली त्याला 'क्यू' म्हणतात. नटाला आपल्या लाइन्स पाठ असाव्या लागतात, म्हणजे संवाद. चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही लाइन्स. नकाशावरच्या रेषा: १९१४ ची मॅकमोहन, १९४७ ची रॅडक्लिफ, १९७२ च्या सिमला करारानंतरची नियंत्रण रेषा, जिला आपण एलओसी म्हणतो. १९६३ मध्ये वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात थेट संपर्काची सोय झाली, तिला हॉटलाइन म्हणाले.

पण एका शब्दापाशी मी अडकलो. डेडलाइन. ऑफिसात रोज ऐकतो: वसुलीची डेडलाइन, अहवालाची डेडलाइन. शेवटची तारीख. सरांनी सांगितलं, अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना, १८६४ मध्ये, जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथे युद्धकैद्यांचा तुरुंग होता. कुंपणाच्या आत काही फुटांवर लाकडाची एक ठेंगणी आड आखली होती. तिच्यापलीकडे पाऊल टाकलं की पहारेकरी गोळी घालायचा. तिचं नाव डेड लाइन. त्याच शब्दाची पुढे शेवटची तारीख झाली.

आमच्या कामात डेड लाइन म्हणजे जिच्यात वीज नाही ती. सुरक्षित. जीव घेते ती लाइव्ह लाइन. मी उभा राहून सरांना म्हणालो, तुमची डेड लाइन ओलांडली तर माणूस मरतो, आमची डेड असेल तरच माणूस जगतो. सरांनी चष्मा काढला. म्हणाले, चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मग त्यांनी स्वतःच्या वहीत ते लिहून घेतलं. शिकवणारा माणूस विद्यार्थ्यापुढे वही उघडतो हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

आता उणिवा. त्या आहेत आणि सांगितल्या पाहिजेत.

पहिली आणि सगळ्यात मोठी, वेळ. साडेसातचा क्लास पावणेआठला सुरू होतो आणि नऊला कधीच सुटत नाही. खेड्यावरून येणाऱ्या दोघी-तिघींना शेवटची एसटी गाठायला साडेआठलाच उठावं लागायचं. जवसाच्या दिवशी सुताराचा भाग त्यांचा बुडाला. दुसऱ्या दिवशी मी त्यांना वही दिली, पण वहीत तो दोरा कुठून येणार? मी सरांना म्हटलं, साडेसहाला सुरू करा. म्हणाले बघू. महिना संपला तरी बघतच आहेत. सर, तुम्ही हे वाचलंत तर कृपा करून वेळ बदला. ज्यांना शिकायची सगळ्यात जास्त ओढ आहे त्याच अर्ध्यातून उठतात.

दुसरी, जागा. पत्र्याचं छप्पर, एक पंखा, शाळेची लहान मुलांची बाकं. गुडघे वर येतात. मी पावसाळ्यानंतर गेलो म्हणून निभावलं. मे महिन्यात, पारा ४४-४५ वर असताना, तिथे संध्याकाळीही बसवणार नाही.

तिसरी, बोलण्याचा सराव कमी. मुलाखतीची तयारी, फाडफाड इंग्रजी, प्रमाणपत्र, यातलं काही इथे नाही. आयटीआयची दोन मुलं त्यासाठीच आली होती, आठवड्याने गेली. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांना नोकरी हवी आहे आणि महिन्याला एक शब्द त्यांना परवडत नाही. त्यांनी आधी एक दिवस बसून बघावं, सर पहिल्या दिवसाचे पैसे घेत नाहीत. छापील नोट्सही मिळत नाहीत. जे आहे ते फळ्यावर, आणि नऊनंतर पुसलं जातं.

मला काय मिळालं ते सांगतो. आमच्याकडे सुरक्षिततेची परिपत्रकं इंग्रजीत येतात. मागच्या महिन्यात एक आलं, दोन पानांचं. पहिल्या पानावर 'लाइन' सात वेळा होतं. आधी मी सातही ठिकाणी तार असं वाचलं असतं आणि गोंधळून कागद खाली ठेवला असता. या वेळी पेन्सिल घेतली. पाच ठिकाणी तार. एका ठिकाणी 'च्या अनुसार', म्हणजे अमुक नियमाला धरून. आणि शेवटी सहीसाठी आखलेली रेघ. पान कळलं. कोणाला विचारावं लागलं नाही.

आठवीतल्या मुलीला भूमिती शिकवताना बसलो होतो. ती म्हणाली, "पप्पा, रेषेला टोकं नसतात. टोकं असतील तर रेषाखंड." मी म्हटलं, माझ्या लाइनला दोन टोकं आहेत, एक उपकेंद्रात, दुसरं शेवटच्या शेतकऱ्याच्या मोटारीवर. ती विचार करून म्हणाली, मग तुम्ही रेषाखंडमन. आम्ही दोघं खूप हसलो, आणि मग मी तिला जवस आणि धागा सांगितला. तिने डब्यातून चार दाणे काढून कंपासपेटीत ठेवले. अजून आहेत.

आणि कामावर एक गोष्ट बदलली. माझ्या हाताखाली दोन पोरं आहेत, पंचविशीतली. फोनवर 'लाइन क्लिअर' हे शब्द उच्चारायचे नाहीत असं मी त्यांना सांगितलंय. फीडरचं नाव घ्यायचं. स्विच कोणता उघडला ते विचारायचं. परमिटचा नंबर पलीकडच्याला पूर्ण वाचायला लावायचा, आपण तो परत वाचून दाखवायचा, आणि त्यानंतरही रॉड लावल्याशिवाय पायरीवर पाय ठेवायचा नाही. एकाने विचारलं, "नाना, एवढं लांबवायचं कशाला, क्लिअर म्हटलं की कळतं ना?" मी त्याला बांधावर बसवून २००८ ची गोष्ट सांगितली. आता तो नंबर दोनदा वाचतो.

क्लासचा पुढच्या महिन्याचा शब्द फळ्यावर लिहून झालाय: चार्ज. लाइन चार्ज करतात, मोबाइल चार्ज करतात, बदली होऊन आलेले साहेब चार्ज घेतात, बिलात चार्जेस लागतात, पोलीस लाठीचार्ज करतात. मी ६०० रुपये भरून नाव नोंदवून आलो. सिस्टर आणि पॉइंट्समनही आहेत. बाकं तीच आहेत, उशी घेऊन या.